धुण्यात टिकणारं चित्र : कपड्यावर अ‍ॅक्रिलिक रंगकाम

अ‍ॅक्रिलिक रंगाने कपड्यावर चित्र काढणं सोपं आहे. ते चित्र अनेक धुण्यांनंतरही तसंच दिसावं यासाठी मात्र तयारी आणि धीर लागतो. चित्राला तडे गेले किंवा रंगाचे पापुद्रे निघाले की लोक रंगाला दोष देतात, पण दोष सहसा दुसरीकडे असतो. कापड नीट धुतलेलं नसतं, रंग जाड लावलेला असतो, नाहीतर इस्त्री घाईत उरकलेली असते. या तीन गोष्टी सांभाळल्या, तर कॅनव्हाससाठी आणलेल्या साध्या ट्यूबमधूनही नेहमी वापरता येईल असा कपडा रंगवता येतो.

रंग कापडाला धरतो कसा

कापडाचा डाय तंतूत मुरतो आणि तिथेच राहतो. डाय केलेल्या कापडावरून हात फिरवला तर रंग वेगळा जाणवत नाही तो त्यामुळेच. अ‍ॅक्रिलिकचं तसं नाही. त्यात पाणी असतं, रंगद्रव्याची बारीक पूड असते आणि अ‍ॅक्रिलिक या प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण असतात. रंग ओला असताना हे कण पाण्यात सुटे तरंगत असतात. पाणी उडून गेलं की ते एकमेकांना भिडतात, दबतात आणि एकजीव होऊन सलग पापुद्रा बनतो. रंगद्रव्य त्या पापुद्र्यात अडकून बसतं. एकदा हा पापुद्रा जमला की पाणी त्याला विरघळवू शकत नाही.

मग धुताना बिघडतं काय? पापुद्रा वाकतो, घासला जातो, ओढला जातो. तो धाग्यांना गुंडाळून, विणीच्या फटींत उतरून बसलेला असेल तर हे सगळं सोसतो. नुसता वरवर पसरलेला असेल तर आधी बारीक तडे, मग कडा सुटणं आणि शेवटी तुकडे गळणं, हा क्रम ठरलेला. अ‍ॅक्रिलिकची कापडावरची पकड ही धरून ठेवण्याची पकड आहे, तंतूत मुरण्याची नाही. पुढची प्रत्येक पायरी ही पकड वाढवण्यासाठीच आहे.

याच कारणाने एक सर्रास दिला जाणारा सल्ला बाजूला ठेवावा, तो म्हणजे रंग पक्का होण्यासाठी कपडा मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवण्याचा. सुती कापड डाय करताना मीठ डायला तंतूकडे ढकलतं. लोकर आणि रेशमावरच्या अ‍ॅसिड डायला आम्ल लागतं. वनस्पतींचे रंग धाग्याशी बांधायला तुरटी वापरतात. हे तिन्ही उपाय डायचे आहेत. अ‍ॅक्रिलिकचा पापुद्रा पक्का करण्यात यातलं काहीच कामाला येत नाही. त्याला हवी असते उष्णता आणि वेळ.

कापड कोणतं घ्यावं

सुती कापडाला तोड नाही. घट्ट, साध्या विणीचं सुती कापड, डेनिम, कॅनव्हास आणि लिनन यांवर अ‍ॅक्रिलिक उत्तम बसतो. सुती-पॉलिस्टर मिश्रणही चालतं, फक्त त्यात सुताचा भाग निम्म्याहून कमी नसावा. निव्वळ पॉलिस्टर आणि नायलॉनचे धागे गुळगुळीत असतात, रंगाला धरायला तिथे काही सापडत नाही. पाणी न शोषण्याची प्रक्रिया केलेल्या जॅकेटच्या किंवा छत्रीच्या कापडाच्या वाटेला जाऊच नये.

टी-शर्टचं होजिअरी कापड ताणलं जातं. त्यावर रंगवता येतं, पण थर फार पातळ हवेत आणि रंगात मीडियम, म्हणजे रंग लवचिक ठेवणारं मिश्रण, मिसळलेलं हवं. मोठा सलग ठोकळा रंगवण्यापेक्षा मधे कापड दिसेल अशी नक्षी घ्यावी, म्हणजे ताण मोकळ्या जागेत जिरतो. कोपर, गुडघा आणि इलॅस्टिकची जागा टाळलेली बरी. लायक्रा जास्त असलेल्या कापडावर तर माझ्या मते मेहनत घालवूच नये. रेशमावर अ‍ॅक्रिलिक बसतो, पण रेशमाची झुळझुळ जाते. त्यासाठी रेशमाचे वेगळे रंग मिळतात, ते वापरावेत.

आधी धुलाई

नवीन कापडाला खळ असते, शिवाय कारखान्यात दिलेलं फिनिशिंगही असतं. रंग धाग्याला भिडण्याऐवजी या थरावर बसतो आणि पहिल्याच धुण्यात खळ निघाली की रंग तिच्याबरोबर निघतो. म्हणून कपडा कोमट पाण्यात साध्या डिटर्जंटने धुवावा आणि भरपूर पाण्यात खळबळून काढावा. फॅब्रिक कंडिशनर अजिबात घालू नये. तो धाग्यावर मऊ, बुळबुळीत थर सोडतो आणि त्या थरावर रंग धरत नाही. आधीपासून कंडिशनर वापरून धुतलेला जुना कपडा असेल तर दोन वेळा साध्या डिटर्जंटने धुऊन घ्यावा.

धुण्याचं दुसरं कारण म्हणजे सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. रंगवल्यानंतर आटलं तर खालचं कापड आकसतं आणि वरचा पापुद्रा आकसत नाही. मग चित्रावर सुरकुत्या पडतात आणि त्या कोणत्याही इस्त्रीने जात नाहीत.

कापड तयार झालं का, हे पाण्याचा एक थेंब सांगतो. वाळलेल्या कापडावर बोटाने थेंब सोडावा आणि डोळे जवळ नेऊन पाहावं. थेंब पडताक्षणी कडांना पसरला आणि खाली काळसर ओला डाग उरला, तर कापड पाणी पितंय आणि रंगही पिईल. थेंब मण्यासारखा गोल बसून राहिला, तर धाग्यावर अजून काहीतरी आहे. पुन्हा धुवावं. दोन-तीन धुण्यांनंतरही थेंब तसाच राहत असेल तर ते कापड या कामाचं नाही.

रंग आणि मीडियम

नुसता अ‍ॅक्रिलिक वाळला की कडक होतो. फॅब्रिक मीडियम, काही बाटल्यांवर टेक्स्टाइल मीडियम असं लिहिलेलं असतं, हे मऊ जातीचं अ‍ॅक्रिलिक असतं. ते मिसळल्याने रंग पातळ होऊन विणीत उतरतो आणि वाळलेला पापुद्रा लवचिक राहतो. प्रमाण बाटलीवर दिलेलं असतं आणि तेच पाळावं. बहुतेक ठिकाणी रंग आणि मीडियम समसमान, किंवा दोन भाग रंगाला एक भाग मीडियम असं असतं. अंदाजाने ओतू नये, छोट्या चमच्याने मोजावं. नाहीतर चित्राचा एक कोपरा मऊ आणि दुसरा कडक होतो आणि तडा बरोबर त्या सीमेवर जातो.

मीडियम नसेल तर? कॅनव्हासची पिशवी किंवा डेनिमचं जॅकेट त्याशिवायही चालून जाईल, कारण ते मुळातच जाड असतात आणि फार धुतले जात नाहीत. अंगावरच्या रोजच्या कपड्यासाठी मात्र मीडियम घ्याच.

मीडियमची जागा पाणी घेऊ शकत नाही, आणि ही गोष्ट फार लोकांच्या लक्षात येत नाही. रंगाला धरून ठेवणारे प्लास्टिकचे कण मोजकेच असतात. पाणी वाढवलं की ते एकमेकांपासून लांब जातात आणि वाळल्यावर सलग पापुद्रा जमतच नाही. रंगद्रव्य पुडीसारखं सुटं राहतं आणि प्रत्येक धुण्यात थोडं थोडं जातं. शिवाय जास्त पाण्याने कडेला रंग फुटतो, रेषा केसाळ दिसतात. ब्रश ओलसर ठेवण्यापुरतं, फार तर काही थेंब पाणी पुरे.

अ‍ॅक्रिलिकमध्ये पातळ, प्रवाही जातीचे रंग कापडाला अधिक सोयीचे. घट्ट लोण्यासारख्या ट्यूबचा रंग मीडियम घालून सैल करून घ्यावा. रंग नव्यानेच विकत घ्यायचे असतील आणि फक्त कपडेच रंगवायचे असतील, तर सरळ फॅब्रिक कलर घ्यावेत. तेही बहुधा अ‍ॅक्रिलिकच असतात, त्यातलं मऊ मीडियम आधीच घातलेलं असतं इतकंच. लेबलवर कॅडमियम किंवा कोबाल्ट लिहिलेल्या छटा अंगाला लागणाऱ्या कपड्यांसाठी टाळाव्यात. तोंडात कपडा घालणाऱ्या तान्ह्या बाळाच्या कपड्यांवर तर अ‍ॅक्रिलिक कोणताच नको.

रंगवायला बसण्यापूर्वी

कपड्याला आधी इस्त्री करावी. आत पुठ्ठा सरकवावा आणि त्याला प्लास्टिक किंवा बेकिंग पेपर गुंडाळलेला असावा, नाहीतर रंग पाठच्या बाजूला उतरतो किंवा कपडा पुठ्ठ्याला चिकटतो. कापड सपाट बसावं पण ताणलेलं नसावं. ताणून रंगवलेलं होजिअरी सोडल्यावर आकसतं आणि चित्रही चुरगळतं. आराखडा खडूने किंवा हलक्या पेन्सिलीने काढावा. पेन्सिलीची रेष फिकट रंगाखाली कायमची अडकते, म्हणून ती गडद भागाच्या हद्दीतच ठेवावी. पाण्याने जाणाऱ्या पेनाची खूण इस्त्रीच्या उष्णतेने पक्की बसू शकते, हेही ध्यानात असू द्या.

महत्त्वाचा कपडा असेल तर नमुना करून पाहावा. त्याच कापडाचा तुकडा किंवा आतल्या बाजूची शिलाईची पट्टी घ्यावी. तिच्यावर तोच रंग, तेच मीडियम आणि तीच इस्त्री, आणि मग दोन-चार धुणी. नंतर तो भाग चिमटीत दुमडून घडीवर पांढरी रेष उमटते का ते पाहावं. उमटली तर थर पातळ करायचा किंवा मीडियम वाढवायचं.

पहिला हात

टिकाऊपणाचं सगळं मर्म पहिल्या हातात आहे. इथे ब्रश मऊ नको. आखूड, चपट्या, कडक केसांचा ब्रश घ्यावा आणि त्यावर रंग कमी घ्यावा. रंग पसरायचा नाही, तो विणीत चोळायचा. आधी उभ्या धाग्याच्या दिशेने, मग आडव्या, मग छोट्या गोल फिरक्या. कारण धागा गोल असतो. ब्रश एकाच दिशेने फिरला तर धाग्याची एकच बाजू रंगते आणि दुसरी कोरी राहते. चोळून झाल्यावर कापड दोन्ही अंगठ्यांनी हलकंच फाकवून पाहावं. धाग्यांच्या मधे मूळ कापडाचे बारीक ठिपके चमकताना दिसले, तर रंग अजून माथ्यावरच आहे. तिथे नवीन रंग न घेता त्याच ब्रशने पुन्हा चोळावं.

पाठची बाजूही बोलते. कपडा उचलून उलट बाजूने पाहिलं तर चित्राची फिकट सावली दिसायला हवी. काहीच दिसत नसेल तर रंग आत गेलेला नाही. पाठ चिंब भिजून रंगाचे डबके दिसत असेल तर पाणी जास्त झालंय. जाड डेनिम आणि कॅनव्हासला ही खूण लागू नाही, तिथे अंगठ्यांची परीक्षाच खरी.

पहिला हात बोटाला कोरडा लागला की दुसरा द्यावा. हाही पातळच. एकूण रंग किती लावावा याचं माझं माप सोपं आहे: शेवटच्या हातानंतरही कापडाची वीण डोळ्यांना दिसली पाहिजे आणि बोटाला लागली पाहिजे. वीण बुजून पृष्ठभाग गुळगुळीत झाला म्हणजे थर जाड झाला, आणि तो घडीवर तडकणारच. कॅनव्हासवर उठाव देणारे जाड फटकारे शोभतात, कपड्यावर त्यांना जागा नाही.

गडद कापडावर रंग बुडतात. तिथे आधी पांढऱ्याचे दोन पातळ हात आणि त्यावर हवा तो रंग. हे पांढरं अस्तरही मीडियम घालूनच लावायचं, कारण वरच्या सगळ्या रंगाचा भार तेच पेलतं. छटा ठरवताना ओल्या रंगावर विसंबू नये. अ‍ॅक्रिलिकमधलं प्लास्टिक ओलं असताना दुधाळ असतं आणि वाळल्यावर पारदर्शक होतं, त्यामुळे रंग वाळला की थोडा गडद दिसतो.

स्टेन्सिल वापरत असाल तर स्पंज किंवा ठोकायचा ब्रश घ्यावा आणि कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करूनच ठोकावा. शिलाईवर चित्र येत असेल तर शिलाईची खाच अंगठ्यांनी उघडून आत रंग पोचवावा. नाहीतर अंगात घातल्यावर चित्राच्या मधोमध कोरी रेष उघडी पडते.

नको तिथे थेंब पडला तर पुसू नये, पुसल्याने तो विणीत शिरतो. चाकूच्या बोथट बाजूने वरचा रंग उचलावा, मग उलट बाजूने गार पाणी सोडावं आणि साबण लावून बोटांनी टिपावं. हे सगळं रंग ओला असेपर्यंतच. वाळलेला डाग स्पिरिटने मऊ होतो, पण पूर्ण जाईलच असं नाही, आणि आजूबाजूचं चित्रही त्याने खराब होतं. अशा वेळी त्या जागी एखादं पान किंवा ठिपका वाढवणं शहाणपणाचं.

वाळवणं आणि इस्त्री

रंगवलेला कपडा आडवा ठेवून २४ तास वाळू द्यावा. वारा खेळता हवा. कडाक्याच्या थंडीत, १० अंशांच्या खाली, अ‍ॅक्रिलिकचे कण नीट एकजीव होत नाहीत, म्हणून तेव्हा खोली उबदार ठेवावी. बोटाला कोरडा लागणारा रंग आतून ओलाच असू शकतो, आणि ओल्या रंगावर इस्त्री फिरवली तर वाफेने फोड येतात.

इस्त्री कशासाठी, हे समजलं की घाई होत नाही. अ‍ॅक्रिलिक उष्णतेने मऊ होतं. इस्त्रीखाली पापुद्रा किंचित सैल होतो, उरलीसुरली ओल बाहेर पडते, कण अधिक घट्ट मिसळतात आणि दाबामुळे रंग धाग्यांभोवती आवळून बसतो. अनेक फॅब्रिक मीडियममध्ये तर उष्णतेने कणांमधले बंध पक्के होतील अशी रचनाच केलेली असते. ती उष्णता मिळाली नाही तर मीडियम घातल्याचा निम्मा फायदा वाया जातो.

वाफ पूर्ण बंद करावी. कपडा उलटा करून, चित्राखाली बेकिंग पेपर किंवा जुनं सुती फडकं ठेवून आधी पाठीमागून इस्त्री करावी, मग सुलट करून चित्रावर बेकिंग पेपर ठेवून वरून. सुती कापडाला सुती खुणेचं तापमान, म्हणजे तीन ठिपके. मिश्र कापडाला दोन ठिपके, आणि त्याची भरपाई म्हणून वेळ जास्त. इस्त्री जितकी जागा व्यापते, तितक्या प्रत्येक जागेला एकूण तीन ते पाच मिनिटं मिळाली पाहिजेत. मीडियमच्या बाटलीवर वेगळी वेळ लिहिली असेल तर ती धरावी. इस्त्री सावकाश हलती ठेवावी, एका जागी टेकवून ठेवली तर कापड करपतं. मोठ्या चित्राला यात अर्धा-पाऊण तास सहज जातो. तो द्यावा. खिडकी उघडी असावी, कारण तापलेल्या रंगाला वास येतो.

बूट, टोपी, शिवलेली पिशवी अशा वस्तूंवर इस्त्री फिरत नाही. तिथे केस वाळवायच्या ड्रायरची गरम हवा बराच वेळ द्यावी. ती इस्त्रीची बरोबरी करत नाही, म्हणून अशा वस्तू मशीनमध्ये न टाकता ओल्या फडक्याने पुसाव्यात.

पहिलं धुणं आणि पुढची निगा

इस्त्रीनंतर लगेच कपडा पाण्यात घालू नये. निदान चार दिवस, जमलं तर आठवडाभर तो तसाच ठेवावा. पापुद्रा या काळात आणखी घट्ट होत असतो. पहिल्यांदा हाताने धुवावा: गार पाणी, सौम्य डिटर्जंट, कपडा उलटा, चित्रावर ब्रश नाही आणि पीळही नाही. पाण्यात थोडा रंग उतरलेला दिसला तर घाबरू नये, वर सुटे राहिलेले कण असतात ते. दुसऱ्या धुण्यातही पाणी रंगत असेल तर कपडा वाळवून पुन्हा इस्त्रीची पूर्ण फेरी द्यावी.

त्यानंतर मशीन चालेल, पण कपडा उलटा करून, नाजूक सायकलवर आणि ३० अंशांपर्यंतच्या पाण्यात. डेनिमच्या पँटी आणि चेनवाल्या जॅकेटसोबत टाकू नये, चित्र घासलं जातं. ब्लीच नको आणि कंडिशनर नको. गरम हवेचा ड्रायर तर नकोच, कारण उष्णतेने मऊ झालेला पापुद्रा त्यात इतर कपड्यांवर आपटत, घासत राहतो. उलटा करून सावलीत वाळत घालावा. ड्राय-क्लीनिंगला कधीही देऊ नये. पाण्याला दाद न देणारा अ‍ॅक्रिलिक तिथल्या सॉल्व्हेंटमध्ये फुगतो आणि सुटतो. अत्तर आणि हँड सॅनिटायझरही चित्रावर फवारू नये, त्यातलं अल्कोहोल रंग मऊ करतं. पुढे इस्त्री करताना नेहमी उलट बाजूने करावी, तापलेली इस्त्री थेट चित्रावर ठेवली तर रंग तिला चिकटतो. कपाटात चित्रावर चित्र येईल अशी घडी घालू नये. ते टाळणं जमत नसेल तर मधे कागद ठेवावा.

बिघाड वाचावा कसा

चित्राचं काही बिनसलं तर बिघाडाच्या तऱ्हेवरून कारण कळतं. घडीवर तडे गेले तर थर जाड होता किंवा मीडियम कमी पडलं. सालासारखे मोठे पापुद्रे निघाले तर कापडावर खळ किंवा कंडिशनर होता, किंवा पहिला हात चोळलेला नव्हता. चित्र सगळीकडे सारखं फिकट होत गेलं तर रंगात पाणी जास्त झालं होतं किंवा इस्त्री अपुरी राहिली. चित्र हाताला चिकट लागत असेल तर वाळवण अर्धवट राहिली असावी. त्याला आणखी काही दिवस मोकळ्या हवेत ठेवून पुन्हा इस्त्री द्यावी.

ब्रश आणि पॅलेट धुण्याआधी उरलेला रंग जुन्या फडक्याने नीट पुसून घ्यावा आणि फडकं वाळवून कचऱ्यात टाकावं. सिंकमध्ये सोडलेला अ‍ॅक्रिलिक पाइपमध्ये जमतो, आणि शेवटी प्लास्टिकच पाण्यात जातं.

बारीक तडे गेलेलं चित्र दुरुस्त होतं. कपडा धुऊन पूर्ण वाळवावा आणि सुटलेले कण नखाने अलगद काढून टाकावेत. निघत नसलेला रंग ओढू नये, तो अजून धरून आहे. तड्यांमध्ये बारीक कडक ब्रशने मीडियम मिसळलेला रंग चोळावा, तडा भरल्यावर कडेला आलेला जास्तीचा रंग ओलसर बोटाने टिपून घ्यावा. मग २४ तास वाळवण, फक्त तेवढ्या भागाला बेकिंग पेपरवरून इस्त्री आणि पुन्हा आठवडाभर धुणं बंद. पापुद्रे निघून कापड उघडं पडलं असेल तर मात्र नुसतं भरून भागत नाही. तो भाग आधी साध्या डिटर्जंटने धुऊन थेंबाची परीक्षा घ्यावी, आणि थेंब मुरला तरच पहिल्या हातापासून सुरुवात करावी.